छत्तीसचा आकडा

ज्या दोघांचे एकमेकांशी पटत नाही त्यांच्यात ‘छत्तीसचा आकडा’ आहे, असे आपण म्हणतो. शल्यचिकित्सकांच्या माझ्या पिढीचे मात्र या आकड्याशी विलक्षण सख्य होते. छातीला मार लागून आत रक्त अगर हवा साचली की बरगड्यांमधून नळी घालून ती बाहेर काढावयाची, आणि ही नळी ३६ किंवा ४० नंबरचीच असावयाची, हे आम्ही विद्यार्थिदशेत पाठ केले होते. हा नियम आता सोडून द्यावा, आणि आपल्या सीमाभागातील लहान रुग्णालयांनी तर तो विनासंकोच सोडावा, असे माझे मत आहे. ते कसे बनले हे सांगताना स्वतःची एक चूक सांगणे भाग आहे.

१९९८ सालचा गळीत हंगाम. उसाने भरलेली ट्रॉली उलटून तिच्याखाली सापडलेल्या बावीस-तेवीस वर्षांच्या तरुणाला रात्री अकराच्या सुमारास माझ्या रुग्णालयात आणले. उजव्या बाजूच्या चार-पाच बरगड्या मोडलेल्या, त्या बाजूस श्वासाचा आवाज जवळजवळ नाही, नाडी १३०. निदानाविषयी शंका नव्हती. कपाटात २४ आणि २८ नंबरच्या नळ्या होत्या. ३६ ची संपली होती. आत रक्त असणार, बारीक नळी गुठळीने तुंबणार, असा विचार करून मी रुग्णाच्या भावाला मोटारसायकलवरून औषधांच्या दुकानाकडे पिटाळले. दुकान बंद, मालकाला घरून उठवून आणावे लागले. इकडे सिस्टर दोनदा म्हणाल्या, ‘‘सर, अठ्ठावीस आहे की!’’ मी ऐकले नाही. वरचा रक्तदाब ७० वर आला आणि भूलतज्ज्ञांनी आवाज चढविला, तेव्हा कोठे मी सुरी हातात घेतली. २८ च्या नळीतून पाहता पाहता लिटरभर रक्त आणि कोंडलेली हवा बाहेर आली. नाडी उतरू लागली. भाऊ ३६ चे पाकीट घेऊन धापा टाकीत दारात आला, तेव्हा मी नळीभोवती टाके घालीत होतो. रुग्ण वाचला. परंतु पस्तीस मिनिटे मी वाया घालविली होती, आणि तीही एका पाठ केलेल्या आकड्यापायी.

वैद्यकेतर वाचकांसाठी सांगतो : हे नंबर ‘फ्रेंच’ मापाचे. एकोणिसाव्या शतकातील पॅरिसचे उपकरणकार शारिएर यांच्यापासून ते चालत आले आहे. नंबराला तीनने भागले की नळीची बाहेरची जाडी मिलिमीटरमध्ये मिळते. म्हणजे ३६ ची नळी १२ मिलिमीटर, २८ ची सव्वानऊच्या किंचित वर, आणि अलीकडे वापरात आलेली १४ नंबरची, टोकाशी वेटोळे असलेली पिगटेल नळी पाच मिलिमीटरहूनही कमी.

जाड नळीची बाजू घेणारे अडाणी होते असे मुळीच नाही. नळीतील प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातानुसार वाढतो, हा प्वाझेयचा नियम आपण सर्वांनी शिकलेला आहे. त्या हिशेबाने ३६ मधून २८ च्या पावणेतीन पट रक्त वाहावयास हवे. कागदावर हे निरुत्तर करणारे आहे. प्रत्यक्षात मात्र छातीतले रक्त म्हणजे नळातले पाणी नव्हे. नळी बरगडीमागे दुमडली, फुप्फुसाच्या खाचेत अडकली किंवा तिची भोके गुठळीने बुजली, की चौथा घात राहतो पुस्तकात. ३६ ची नळीही तुंबते. मी तुंबलेली पाहिली आहे.

लॉस एंजेलिसच्या शल्यचिकित्सकांनी २००७ ते २०१० या काळात २९३ जखमींना घातलेल्या ३५३ नळ्यांची पाहणी केली आणि २०१२ साली ती प्रसिद्ध झाली. २८ ते ३२ आणि ३६ ते ४० या दोन गटांत रक्त आत राहून जाण्यात वा इतर गुंतागुंतीत लक्षणीय फरक आढळला नाही. बारीक नळीने दुखणे तरी कमी होईल अशी माझी समजूत होती. तोही फरक दिसला नाही. आपल्याला सोयीचा वाटणारा प्रत्येक मुद्दा खरा निघतोच असे नाही. पुढे २०१८ च्या दहाव्या आवृत्तीत ‘एटीएलएस’ या अभ्यासक्रमानेही ३६-४० सोडून २८-३२ ची शिफारस केली. १९७६ साली अमेरिकेतील नेब्रास्कात एका अस्थिशल्यचिकित्सकाच्या कुटुंबाचे विमान कोसळले, आणि लहान गावात जखमींवर झालेल्या अपुऱ्या उपचारांच्या अनुभवातून हा अभ्यासक्रम जन्मला, हे आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवावे.

आता आमचे तरुण सहकारी त्याही पुढे जाऊन म्हणतात, २८ तरी कशाला, १४ ची पिगटेल पुरे! त्यांच्याजवळ आधार आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील अनेक केंद्रांतील ११९ रुग्णांच्या चाचणीत छातीतील रक्तासाठी १४ ची नळी २८-३२ पेक्षा कमी पडली नाही, आणि ती घालताना रुग्णांना त्रासही कमी झाला. तथापि ते रुग्ण स्थिर होते. ज्यांना तातडीने नळी घालावी लागणार होती त्यांना चाचणीत घेतलेच नव्हते. रक्तदाब कोसळत असलेल्या माणसाच्या छातीत तार सरकवीत बसणे मला मान्य नाही. तेथे स्तनाग्राच्या पातळीवर, काखेच्या मध्यरेषेच्या किंचित पुढे छेद घ्यावा, खालच्या बरगडीच्या वरच्या कडेवरून आत शिरावे, बोट फिरवून फुप्फुस चिकटलेले नाही याची खात्री करावी आणि २८ ची नळी घालावी. बोट आत जाताच कोंडलेली हवा सुटते. पुष्कळदा जीव तेथेच वाचतो, नळीचा नंबर नंतर येतो. आरंभीच १५०० मिलिलिटरहून अधिक रक्त आले, तर प्रश्न नळीचा उरत नाही. छाती उघडणाऱ्या शल्यचिकित्सकाकडे रुग्ण पोहोचविण्याचा होतो.

आणि हे पोहोचविणेच आपल्याकडे खरे दुखणे आहे. तालुक्याच्या गावाहून बेळगावला येणाऱ्या रुग्णांची नळी अजूनही कित्येकदा चिमट्याने बंद केलेली असते. रुग्णवाहिकेत बाटली सांडू नये, हा त्यामागचा भाबडा हेतू. ज्या छातीतून हवा गळते आहे तिची वाट अशी बंद केली, तर वाटेतच हवा पुन्हा कोंडते आणि हृदय दाबले जाते. कधी बाटली रुग्णाच्या पोटावर ठेवलेली दिसते. मग तिच्यातले पाणी छातीत परततें. नळी उघडी ठेवावी, बाटली छातीच्या पातळीखाली उभी बांधावी आणि सोबत येणाऱ्या नातेवाइकालाही ते दाखवून ठेवावे. निपाणी, खानापूर, चिकोडीकडील आमच्या मित्रांनी रुग्ण पाठविताना नळी कितीची घातली हे चिठ्ठीत लिहिले नाही तरी चालेल. ती केव्हा घातली आणि त्यानंतर किती रक्त आले, एवढे मात्र लिहावे.