चौदा नव्हे, दोन

चाकणच्या कारखान्यांना क्ष-किरण आणि स्फटिक नवे नाहीत. हीट ट्रीटमेंट झालेल्या गिअरच्या पोलादात ऑस्टेनाइट ही स्फटिकरचना किती उरली, हे क्ष-किरणांनी तपासता येते. याच विद्येतले नागपूरचे शेखर मांडे. वर्तमानपत्रांनी त्यांना वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, म्हणजे सीएसआयआरचे महासंचालक (२०१८ ते २०२२) म्हणूनच लक्षात ठेवले. आपल्याकडे खुर्ची चटकन दिसते.

नागपूर विद्यापीठात भौतिकशास्त्रात एम.एस्सी., बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत पीएच.डी., मग परदेश, चंडीगड, हैदराबाद. २००५चा भटनागर पुरस्कार. २०११मध्ये पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचे संचालकपद. झाला बायोडेटा.

खरी गोष्ट क्षयाच्या जंतूची. चाकणजवळच्या खराबवाडी, नाणेकरवाडीत एकेका खोलीत शिफ्टप्रमाणे झोपणाऱ्या कामगारांना टीबी काय चीज आहे ते सांगायला नको. या जंतूतली प्रथिने मांडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी शुद्ध करून त्यांचे स्फटिक केले. ऐकायला सोपे वाटते, पण प्रथिन सहजी स्फटिक होत नाही. क्षार बदला, आम्लता बदला, तापमान बदला, थेंबामागून थेंब लावा आणि वाट पाहा. स्फटिक जमलाच, तर त्यावर क्ष-किरण टाकायचे आणि उमटलेल्या ठिपक्यांवरून गणिताने अणूंच्या जागा काढायच्या.

यातलेच एक प्रथिन चॅपरोनिन. इतर प्रथिनांची घडी नीट बसायला ते मदत करते. पाठ्यपुस्तकातला नमुना ई. कोलाय जंतूचा: सात-सात घटकांच्या दोन कड्या, एकूण चौदा, आणि मधल्या पोकळीत घडीचे काम. क्षयाच्या जंतूतही तेच निघेल, असे कुणीही धरून चालले असते. २००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या रचनेत मात्र दोनच घटकांची जोडी दिसली. ना कडी, ना पोकळी.

आपल्याकडे पार्ट ड्रॉइंगशी जुळला नाही की रिजेक्ट. इथे पार्ट बरोबर होता, ड्रॉइंग दुसऱ्याच जंतूचे होते. हे ओळखून छापणे मला कुठल्याही पदापेक्षा मोठे वाटते. ‘मग गोळी निघाली का?’ असे कुणी विचारील. रचना कळली म्हणून लगेच गोळी निघत नाही. जंतूचे यंत्र कसे चालते, एवढे कळते. तेही थोडे नाही.

ही रचना प्रोटीन डेटा बँकेत १एसजेपी या क्रमांकाने सर्वांना फुकट खुली आहे, मोबाइलवरही. आपल्या कॉलेजांच्या विज्ञान प्रदर्शनांत दरवर्षी तोच ज्वालामुखी धूर सोडतो. यंदा एखाद्या प्राध्यापकाने पडद्यावर ही जोडी फिरवून दाखवावी आणि बी.एस्सी. फिजिक्सच्या मुलांना शेजारी उभे करावे.