घरातले सामान, लॉटचा भाव आणि बहिणींचा वाटा

अब्बांच्या इंतकालनंतर अम्मीची इद्दत संपली, म्हणजे 4 महिने 10 दिवस झाले, आणि आमच्यासमोर पहिला व्यवहारी प्रश्न उभा राहिला. घर भाड्याचे होते. घरमालकाने इतके दिवस शब्द काढला नव्हता, त्यामुळे त्याला अधिक थांबवणे बरे दिसले नसते. अम्मी भाईजानकडे पुण्याला जाणार होती. त्याचा फ्लॅट दोन खोल्यांचा. मग चाळीस वर्षांच्या संसाराचे काय करायचे? सागवानी कपाट, पलंग, तांब्या-पितळेची भांडी, शिलाई मशीन, फ्रीज, पुस्तकांच्या पेट्या, माळ्यावरच्या ट्रंका.

भाईजानने एक जुने सामान घेणारा आणला. त्याने दहा मिनिटांत घर फिरून पाहिले आणि म्हणाला, "सगळ्याचे मिळून 35 हजार. उद्या टेम्पो आणतो, संध्याकाळपर्यंत घर मोकळे." भाईजानची रजा चार दिवसांची होती, त्यामुळे त्याला ते पटले. मला पटले नाही. त्यावरून आमच्यात थोडी बोलाचालीही झाली. त्या वेळी जे सुचले आणि नंतर जे शिकलो, ते इथे मांडतो आहे. आज ना उद्या ही वेळ प्रत्येक घरावर येते, आणि आपल्याकडे त्याबद्दल कोणी बोलत नाही.

आपण मीरासबद्दल बोलतो तेव्हा डोळ्यांसमोर घर, शेत, दुकान असते. सामान म्हणजे 'किरकोळ'. ते घरातल्या मोठ्या मुलाने विकावे, पैसे त्याच्याकडे राहावेत, बहिणींना फार तर आईची एखादी साडी द्यावी, अशी रीत पडली आहे. पण सूरह निसाच्या 7व्या आयतीत आईवडिलांनी मागे ठेवलेल्या मालात पुरुषांचा आणि स्त्रियांचाही हिस्सा सांगितला आहे आणि तो माल थोडा असो वा जास्त, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे किरकोळ म्हणून काही सुटत नाही. मरहूमच्या मालकीची परातसुद्धा तरक्यात येते. जंगम आणि स्थावर असा भेद आपल्या वारसा कायद्यात नाही. मग सामान कसे विकायचे, हा प्रश्न एकट्या भावाचा कसा राहील? सामान स्वस्तात गेले तर नुकसान सगळ्या वारसांचे होते.

विकण्याआधीचा प्रश्न मात्र वेगळा आहे. वस्तू नेमकी कोणाची? आमच्याकडे माळ्यावर तांब्याची एक मोठी देग होती. भाईजानच्या यादीत ती 'अब्बांची भांडी' या सदरात गेली होती. अम्मी दारातूनच म्हणाली, "ये देग मेरी माँ दिये सो है." आम्ही दोघेही गप्प झालो. नवऱ्याच्या घरात राहिली म्हणून बाईची वस्तू नवऱ्याची होत नाही. माहेरून आलेली भांडी, तिचे दागिने, तिने स्वतःच्या पैशांनी घेतलेले मशीन हे तरक्यात धरायचेच नाही. लॉटवाल्याच्या 35 हजारांत ती देगही होती.

वाटणीच्या आधी कफन-दफनचा खर्च, मग कर्ज, मग वसीयत असेल तर एक तृतीयांशापर्यंत ती, आणि उरलेले वारसांना, हा क्रम बहुतेकांना माहीत असतो. पण न दिलेला महर हेही कर्जच आहे, हे सोयीस्करपणे विसरले जाते. मय्यतीपाशी बसून रडणाऱ्या बाईला चार जणींनी 'महर माफ कर' म्हणायचे आणि तिने मान हलवायची, ही पद्धत मला नेहमीच टोचत आली आहे. त्या घडीला दिलेली माफी ही माफी नसते. आम्ही अम्मीला इद्दतीनंतर शांतपणे विचारले. महर लग्नातच दिला होता, असे ती म्हणाली. पण विचारले, याचे तिला बरे वाटले.

आता लॉटबद्दल. लॉट घेणारा लबाडच असतो असे मी म्हणत नाही. तो टेम्पोचे भाडे भरतो, माणसे लावतो, न खपणारा मालही उचलतो, त्याचा नफा त्याने घ्यावा. वारस परदेशात असतील, घर आठ दिवसांत सोडायचे असेल, तर लॉट हाच शहाणपणाचा मार्ग ठरू शकतो. पण तेव्हाही निदान तिघांकडून भाव घ्यावा आणि कागद, पुस्तके, सोने-चांदी आधी बाजूला काढावे. आमच्या चाचांच्या घरी हे झाले नाही. सगळ्या ट्रंका जशाच्या तशा टेम्पोत गेल्या. पुढे चाचींना पेन्शनच्या कामासाठी निकाहनामा लागला तेव्हा कळले, की तो एका ट्रंकेत कपड्यांखाली होता. दुसरी प्रत काढायला त्यांना किती हेलपाटे घालावे लागले, ते मी पाहिले आहे.

म्हणून आम्ही एक वही केली. प्रत्येक वस्तू, तिचा फोटो, ती कोणाची, अंदाजे किंमत आणि शेवटी काय झाले, असे पाच रकाने. ही वही दोन्ही बहिणींना मोबाइलवर पाठवली. धाकटी म्हणाली, "मला काही नको, तुम्हीच बघा." मी म्हणालो, "नको असेल तर नंतर दे कुणालाही. आधी तुझा वाटा किती ते तरी बघ." हक्क काय आहे हे माहीत नसताना सोडलेल्या हक्काला मी हक्कसोड मानत नाही.

वारसांना हव्या असलेल्या वस्तूंचे काय? कपाट भाईजानला हवे होते आणि आपालाही. आपसात बोली लावा, असे कोणी सुचवले. बोली लावणे दीनमध्ये जायज आहे. एका गरजू अन्सारी सहाब्याच्या घरातले कापड आणि प्याला रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी स्वतः बोली लावून दोन दिरहमला विकून दिल्याची रिवायत सुनन ग्रंथांत आहे. मनाई आहे ती खोट्या बोलीची, म्हणजे घ्यायचे नसताना भाव चढवण्याची. पण भावंडांतल्या बोलीत एक अडचण आहे. ज्याच्या खिशात जास्त, त्याचेच सगळे होते. म्हणून आम्ही दोन भाग केले. किमतीच्या वस्तू बाहेरच्या माणसाने सांगितलेल्या भावाने ज्याला हव्या त्याने घ्यायच्या आणि ती रक्कम त्याच्या वाट्यातून वजा करायची. दोघांना हवी असलेली वस्तू सरळ विकायची. म्हणून कपाट विकले. आठवणीच्या वस्तूंना किंमतच लावायची नाही, पाळीपाळीने एकेक उचलायची. पहिली पाळी अम्मीची, मग बहिणी, शेवटी आम्ही. अब्बांचे एचएमटी घड्याळ धाकटीने उचलले. मला ते हवे होते, हे इथे कबूल करतो.

उरलेले सामान जिथे त्याची कदर आहे तिथे नेले. लॉटवाल्याने सगळी भांडी पितळेच्या भावात धरली होती. कल्हईमुळे आतून पांढरी दिसणारी भांडी खरवडून पाहिली तर निम्मी तांब्याची निघाली, आणि तांब्याचा भाव पितळेपेक्षा चांगला जास्त असतो. दोन दुकानांत वजन करून घेतले. कपाट-पलंगासाठी सुताराला दाखवून लाकूड कोणते ते विचारले. काही किरकोळ जिन्नस पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी गेले. शिलाई मशीनचे शटल खराब होते, ते घेणाऱ्या बाईंना आधी सांगितले. भाव हजाराने उतरला. उतरू दे. अब्बांच्या मालात खोट लपवून मिळवलेला पैसा आम्हाला नको होता.

एक सूचना खास पेट्यांबद्दल. जीर्ण झालेल्या कुराणाच्या प्रती आणि पाने रद्दीत जाणार नाहीत हे स्वतः पाहा. ती अदबीने दफन करा किंवा मशिदीत द्या. मोडी कागद, सनदा, जुनी हस्तलिखिते मिळाली तर जाणकाराला दाखवल्याशिवाय विकू नका. 1972च्या पुरावस्तू कायद्यानुसार 100 वर्षांपूर्वीच्या ऐतिहासिक वस्तू आणि 75 वर्षांपूर्वीची महत्त्वाची हस्तलिखिते पुरावस्तूंत मोडतात, त्यांच्या व्यापारावर निर्बंध आहेत. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्था असे कागद जपतात. महाराष्ट्रातल्या मुसलमानांचा इतिहास कोणी लिहीत नाही, अशी तक्रार आपण करतो आणि तो इतिहास आपणच किलोवर विकतो.

शेवटी हिशेब. भांड्यांचे 41 हजार, कपाट-पलंगाचे 27, फ्रीज वगैरेचे 19, मशीनचे 6, पुस्तके आणि किरकोळचे 5, वारसांनी घेतलेल्या वस्तूंचे 14. एकूण 1 लाख 12 हजार. अब्बांची किराणा-औषधांची उधारी 11,500 आणि वाहतूक 4,500 वजा जाऊन राहिले 96 हजार. अम्मीचा आठवा हिस्सा 12 हजार, आम्हा दोघा भावांना 28-28, बहिणींना 14-14. लॉटच्या 35 हजारांतून उधारी फेडली असती, तर बहिणीच्या हाती साडेतीन हजारही आले नसते. यासाठी लागले दीड महिन्याचे रविवार. कोणी म्हणेल, एवढ्या पैशांसाठी एवढी धावपळ? माझी धाकटी बहीण ब्लाउज शिवून घर चालवते. 14 हजार कोणासाठी किती मोठे असतात, हे ज्याचे त्याने ठरवावे.

मुलीला मुलाच्या निम्मे का, हा वाद वेगळा आहे आणि तो गांभीर्याने व्हायला हवा. पण त्या वादात दीनचा हवाला देऊन छाती पुढे काढणारे कितीतरी जण बहिणीला तो निम्माही देत नाहीत. त्यांनी आधी तो द्यावा, मग बोलावे.

निसाच्या 8व्या आयतीत वाटणीच्या वेळी हजर असलेल्या नातेवाइकांना, यतीमांना, गरिबांनाही त्यातून काही द्या आणि त्यांच्याशी चांगले बोला, असे सांगितले आहे. अब्बांची सेवा केलेल्या शेजारच्या खालांना आम्ही सगळ्यांच्या संमतीने पितळेचा मोठा हंडा दिला. तो त्यांच्या दारात दिसतो, असे परवा कोणीतरी सांगितले. देग अम्मीसोबत पुण्याला गेली. त्या फ्लॅटमध्ये ती कुठेच मावत नाही. भाईजानने ती गॅलरीत ठेवली आहे आणि आता ती हलवायचे नाव काढत नाही.