दैवी हात कोठे ओळखावा?

शेतीचा धंदा उघड्या आभाळाखालचा आहे. वाण्याच्या मालावर छप्पर असते, नोकरदाराचा पगार ठरल्या तारखेस येतो. शेतकरी मात्र मृग लागला की घरातले धान्य मातीत टाकितो आणि पुढचे चार महिने वर पाहत राहतो. म्हणून ‘देवाची इच्छा’ हे शब्द त्याच्या तोंडी इतरांपेक्षा अधिक येतात, व त्यात वावगे काही नाही. आमचे आयुष्य औरंगाबाद, म्हणजे आता ज्यास छत्रपती संभाजीनगर म्हणतात, त्या जिल्ह्यात महसूल खात्याच्या कारकुनीत गेले. जुन्या लोकांनी संकटांचे ‘अस्मानी’ आणि ‘सुलतानी’ असे दोन वर्ग केले होते. या दोहोंची गल्लत केल्याने काय अनर्थ होतो हे आम्ही दप्तरात व गावोगावी पाहिले आहे. त्यावरून बनलेले आमचे मत वाचकबंधूंपुढे ठेवीत आहो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. ईश्वराचा हात भल्यात असतो, तसा बुऱ्यातही असतो. परंतु तो ओळखण्यापूर्वी त्या गोष्टीत माणसाचा हात किती होता याचा हिशेब करावा. आणि कोप ओळखावयाचा झाल्यास तो आपल्या घरापुरता ओळखावा, शेजाऱ्याच्या शेतात ओळखू नये.

पहिल्या गोष्टीस कायद्याचाही आधार आहे. इंग्रजी कायद्यात ‘ईश्वरी कृत्य’ अशा अर्थाची एक संज्ञा आहे. माणसाने योग्य ती दूरदृष्टी व खबरदारी ठेवूनही जे टळले नसते, तेवढ्यालाच ती लागू होते. बांधाचे खांड दोन वर्षे बुजविले नाही आणि तिसऱ्या वर्षी तेथून माती वाहून गेली, तर पाऊस जरी देवाचा असला तरी खांड आपले आहे.

याचे फार दुःखद उदाहरण आपल्या मराठवाड्यातच घडले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे, गणेशविसर्जन आटोपून लोक गाढ झोपले असता, किल्लारीस भूकंप झाला आणि लातूर व उस्मानाबाद या जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. विसर्जनाच्याच रात्री असे व्हावे, म्हणून पुष्कळांनी हा देवाचा कोप मानला. भूमी हलली हे माणसाच्या हातचे नव्हते, हे खरे. परंतु माणसे मेली ती बहुतेक दगडमातीच्या जाड भिंती व त्यांवरील माळवदाची जड माती अंगावर येऊन मेली. हलक्या छपराच्या झोपड्यांतील माणसे त्या मानाने वाचली. ही गोष्ट कोपाच्या भाषेत सांगू गेल्यास तिचा अर्थ लागत नाही. बांधकामाच्या भाषेत सांगितली की अर्थही लागतो आणि पुढे घर कसे बांधावे हेही कळते.

आता दुसरी गोष्ट, शेजाऱ्याच्या शेताची. सन २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात मोठी गारपीट झाली. काढणीस आलेला गहू, हरभरा व शाळू झोपला, मोसंबीच्या व डाळिंबाच्या बागांची दैना झाली. पंचनाम्यांच्या कामानिमित्त आम्ही गावोगावी फिरलो. नेमाने पंढरीची वारी करणाऱ्या एका गृहस्थाची बाग उघडी पडली होती, आणि थोड्याच अंतरावर ज्याचे नाव गावात कोणी चांगल्या प्रसंगी घेत नसे त्याचा हरभरा शाबूत होता. यात गूढ काही नाही. बाष्पाने भरलेला वारा जोराने वर चढतो, उंचावरील थंडीत त्याची गार बनते, आणि असे ढग ज्या वाटेने सरकतात तेवढ्याच पट्ट्यावर मारा होतो. पट्ट्याची कड एखाद्याच्या बांधावरून जाते; खातेदाराचे पापपुण्य पाहून ती वळत नाही.

परंतु लोक तेवढ्यावर राहत नाहीत. एका गावी आमच्या कानी आले की, ज्या घरचा कर्ता मुलगा नुकताच गेला होता, त्या घरच्या सुनेच्या पायगुणाने गारा पडल्या. मारा त्या गावाबरोबर पुष्कळ गावांवर झाला होता. त्या बिचारीचा पायगुण इतक्या शिवारांत कसा फिरला, हे कोणी विचारले नाही. हळदीकुंकवास तिला बोलावणे नव्हतेच. पुढे बियाण्याच्या उसनवारीसही तिच्या घरचा माणूस नको झाला. गारांनी तिचे एका हंगामाचे पीक नेले, आणि गावाने दुसऱ्या हंगामाचे. पहिले नुकसान अस्मानी होते. दुसरे सुलतानी होते, आणि सुलतान आपणच होतो. ज्या मुलखात कर्जापायी व नापिकीपायी इतके शेतकरी जीव देऊन बसले, तेथे नुकसानीत आलेल्या माणसास ‘तुजवर देवच रुसला’ असे सांगणे हे साधे बोलणे नव्हे. त्याच्या हातातील उरलेली दोरी सोडविण्यासारखे ते आहे.

मग कृपा तरी कशी ओळखावी? यासाठी दूर जावयास नको. पैठण आपल्याच जिल्ह्यात आहे. सन १५९९ मध्ये समाधिस्थ झालेल्या एकनाथमहाराजांच्या घरी श्रीखंड्या नावाचा पाणक्या बारा वर्षे कावडीने गोदावरीचे पाणी भरीत होता आणि तो प्रत्यक्ष भगवंत होता, अशी कथा आहे. नाथषष्ठीच्या दिवसांत तेथील रांजण भाविक आजही पाण्याने भरतात. चमत्कार म्हणून ही कथा सर्वांस ठाऊक आहे. परंतु तिच्यातील एका गोष्टीकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो. नाथांसारख्या ज्ञानी पुरुषासही तो पाणक्या कोण हे तो असेपर्यंत कळले नाही. देव आला तो रोजच्या कामात, खांद्यावर कावड घेऊन. आणि ओळख पटली ती तो गेल्यावर.

आपल्याही घरी कोणी कावड वाहत असते. तो सालगडी असेल, उन्हात हंडा आणणारी घरची बाई असेल, अडीअडचणीस बैलजोडी देणारा शेजारी असेल. सन २०१६ च्या एप्रिलात लातूरकरांना पाणी मिळेनासे झाले तेव्हा मिरजेहून आगगाडीने पाणी आले. ते भरणारे व पोहोचविणारे हात कोणाचे होते याची कोणी यादी ठेविली नसेल, पण श्रीखंड्याची कथा ऐकणाऱ्यास ते ओळखू यावे. सन १९७२ च्या दुष्काळात कामावर खडी फोडणाऱ्या लोकांनी जे बांध व पाझर तलाव उभे केले, त्यांचे पाणी मागाहून कित्येकांच्या विहिरींस लागले. त्या अनुभवातूनच पुढे १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. अस्मानी संकटास माणसाने दिलेले उत्तर देवास मान्य नसेल असे आम्हांस वाटत नाही.

कृपेचाही हिशेब मात्र नीट व्हावा. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ मध्ये पुरे झाले आणि ज्यांच्या रानात कालवा आला त्यांनी देवाचे आभार मानले. ते योग्यच होते. पण त्याच नाथसागराखाली अनेक गावांची गावठाणे व काळ्या जमिनी गेल्या. ज्याच्या उसास ते पाणी मिळते त्याने आभार मानताना बुडालेल्या गावच्या माणसाचेही स्मरण ठेवावे, आणि तो दारी आला तर त्यास परका समजू नये.

आमची सूचना कारकुनी वळणाची आहे. पाडव्यास वर्षाचा हिशेब मिटविताना वहीचे एक पान निराळे ठेवावे. एका बाजूस आपल्या कष्टावाचून जे मिळाले ते लिहावे, व ते कोणाच्या हातून मिळाले त्याचे नाव घालावे. दुसऱ्या बाजूस जे गेले ते लिहावे, आणि त्यातून आपल्या हयगयीने गेले ते आधी वजा करावे. बाकी राहील ती देवाच्या नावे टाकण्यास आमची हरकत नाही. शेजाऱ्याच्या नुकसानीचे पान मात्र आपल्या वहीत उघडू नये. त्याच्याकडे बियाणे आहे की नाही, एवढे जाऊन विचारावे.