लंडनात आमची चुकामूक

लेकीने विमानाची तिकिटे धाडली, तेव्हा आमच्या सौ.ने एकच अट घातली. राजवाडा दाखवा न दाखवा, बाबासाहेबांचे घर दाखवले पाहिजे. ही आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे हिच्या वेळच्या औरंगाबादच्या, मिलिंद महाविद्यालयाची विद्यार्थिनी. ते बाबासाहेबांनी १९५० साली सुरू केले. तेव्हा हा हट्ट मोडणे माझ्या हाती नव्हते.

देवगिरी एक्स्प्रेसने एका रात्रीत मुंबई, तिथून विमानाने लंडन. १९२० साली बाबासाहेब बोटीने गेले, तेव्हा या प्रवासाला आठवडे लागत. विमानतळावर जावईबापू हजर होते. मला टॅक्सीची आशा होती. त्यांनी ‘एसएल ९’ नावाच्या लाल बसमध्ये बसवले आणि तिने आम्हाला थेट हॅरोला आणून सोडले.

लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेतच नाहीत. बँकेचे कार्ड यंत्राला टेकवायचे. बसमध्ये चढताना एकदाच; भुयारी गाडीला मात्र आत जाताना आणि बाहेर पडतानाही. कार्ड ज्याचे त्याचे वेगळे. हे सारे मी हिला तीनतीनदा बजावले. हिने फक्त मान हलवली.

एके दिवशी लेक-जावई कामावर गेल्यावर आम्ही दोघेच निघालो. हॅरोहून मेट्रोपॉलिटन मार्गाची गाडी. जगातली पहिली भुयारी रेल्वे ती हीच. १८६३ साली ती वाफेच्या इंजिनावर धावली. हा इतिहास मी हिला रंगवून सांगत असतानाच फिंचली रोड आले. इथे उतरून समोरच्याच फलाटावरची ज्युबिली मार्गाची गाडी धरायची. ही गुडघा सांभाळत आधी उतरली. मी पिशवी उचलतो तोच दार लागले!

काचेपलीकडे ही, आत मी. फोन एकच, तोही माझ्या खिशात.

पुढचे स्टेशन बेकर स्ट्रीट. ते येईपर्यंत त्या बोगद्यात काय काय मनात आले, ते न लिहिलेलेच बरे. चाळीस वर्षे हिला ‘माझ्यामागून ये’ म्हणत आलो. हिला इंग्रजी बोलायचा सराव नाही, ही कुणाला काय विचारणार? तिथून उलटी गाडी धरली, फिंचली रोडला जिने चढून-उतरून पलीकडच्या फलाटावर आलो. ही बाकावर स्वस्थ बसलेली. शेजारच्या एका बाईकडून मार्गाचा नकाशा समजून घेत होती.

“घाबरली नाहीस?”

“मी कशाला घाबरू? गाडी तर तुमची चुकली. अहो, पुढे एकच स्टेशन आहे. मग वर ३१ नंबरची बस.”

स्विस कॉटेजला आम्ही उतरलो, ३१ नंबरने चॉक फार्म गाठले आणि रुळांवरचा पूल ओलांडून किंग हेन्रीज रोडला लागलो. दहा नंबरच्या दारावर, १९२१-२२ साली बाबासाहेब इथे राहत असल्याची निळी पाटी आहे. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली हे घर घेतले. आतले जिने ही गुडघ्याचे नाव न काढता चढली. एका खोलीत बराच वेळ नुसती उभी राहिली. मीही काही बोललो नाही.

परतताना फिंचली रोडला हिने माझी बाही घट्ट धरली होती. संध्याकाळी लेकीने विचारले, “काही त्रास झाला नाही ना?” ही म्हणाली, “छे! यांना सगळे मार्ग पाठ आहेत.”

खरा प्रकार लेकीला या अंकातच कळेल.