उड्डाणाआधीचे तास

नांदेडहून हैदराबाद विमानाने तासाभराचे. 'उडान' योजनेतली पहिली उड्डाणे 27 एप्रिल 2017 रोजी सुरू झाली, तेव्हा शिमला-दिल्लीच्या जोडीला नांदेड-हैदराबादचेही नाव होते. तासाभराच्या प्रवासाला विमानातल्या निम्म्या जागांपुरते 2500 रुपयांपर्यंत भाडे, ही तेव्हाची कल्पना चांगलीच. पण तो तास नांदेड जिल्ह्यातल्याच मुखेडकराच्या वाट्याला येत नाही.

हिशेब मांडून पाहा. मुखेड ते नांदेड 70-75 किलोमीटर, एसटीने दोन तास धरा. बसस्थानकावर उतरून विमानतळ गाठायचा, तोही उड्डाणाच्या तासभर आधी. मग हवेतला तास. हैदराबादच्या शमशाबाद विमानतळावर उतरून शहरात शिरायला आणखी तास. देगलूरवरून थेट रस्त्याने निघालेला माणूसही एवढ्याच वेळात हैदराबादेत पोहोचतो. नांदेड मुखेडच्या उत्तरेला, हैदराबाद आग्नेयेला. आधी उलटे जायचे आणि मग विमानात बसून पुन्हा देगलूरच्याच बाजूने खाली यायचे, असा हा प्रवास.

म्हणून आखातात कामाला निघालेला इथला तरुण नांदेडकडे फिरकत नाही. रात्री जेवणे उरकली की दारात जीप लागते. टपावर नायलॉनच्या दोरीने आवळलेली बॅग, तिच्यावर मार्करने ठळक लिहिलेले नाव. आत आई, भाऊ, एखादा मामा. शमशाबाद ते दुबई हे सुमारे 2500 किलोमीटरचे अंतर विमान चार तासांत कापते. गावापासून शमशाबादपर्यंतचे त्याच्या दहाव्या हिश्श्याइतके अंतर जीपला पाच तास खाते, आणि वर तीन तास आधी हजर राहायचे. हवेत चार तास, जमिनीवर आठ.

नांदेडचा विमानतळ नको, असे मात्र कोणी म्हणू नये. नांदेडहून अमृतसरला सचखंड एक्स्प्रेसने दीड दिवसाच्या आसपास लागतो. तेच अंतर विमानाने अडीच तासांचे. मुंबईच्या रुग्णालयात वेळेत पोहोचायचे असेल तर रात्रभराची देवगिरी एक्स्प्रेस आणि तासा-दीड तासाचे विमान यांत जीव वाचण्या-न वाचण्याचा फरक पडू शकतो. दुखणे आहे ते धरसोडीचे. 2008 मध्ये शिखांच्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या त्रिशताब्दीसाठी विमानतळाचे नूतनीकरण झाले. पुढे विमाने आली, बंद पडली. 2017 मध्ये पुन्हा आली, पुन्हा थांबली. 2024 मध्ये परत सुरू झाली. अशा सेवेच्या भरवशावर कोणी नोकरीची मुलाखत किंवा शस्त्रक्रियेची तारीख ठरवत नाही.

मुखेड तालुक्यातून रेल्वेचा एक रूळही जात नाही. लातूर रोडहून जळकोट, मुखेडमार्गे बोधनला जाणाऱ्या लोहमार्गाची मागणी करता करता माणसे म्हातारी झाली. तो होईल तेव्हा होवो. पण मुखेड, देगलूर, कंधार या आगारांतून विमानाच्या वेळा धरून थेट विमानतळापर्यंत एसटी सोडायला भूसंपादन लागत नाही की नवे पूल लागत नाहीत. लागते ते एवढेच, की विमान कंपनी, जिल्हा प्रशासन आणि एसटी महामंडळ यांनी एका टेबलाशी बसून वेळापत्रके जुळवावीत. संध्याकाळच्या विमानाने उतरलेल्या माणसाला त्याच रात्री मुखेडची बस मिळणार का, हा त्या बैठकीतला पहिला प्रश्न असावा.