संकलकाची कात्री आणि मराठवाड्याची स्मृती

१/ दरवर्षी १७ सप्टेंबर जवळ आला, की मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या लहान चित्रफिती समाजमाध्यमांवर फिरू लागतात. त्यांतल्या अनेकींची रचना एकच असते : आधी आगेकूच करणारे सैन्य आणि लगोलग बेगमपेठ विमानतळावर सरदार पटेलांना हात जोडणारा निजाम. पाहणाऱ्याला वाटते, हीच ती शरणागती. प्रत्यक्षात निजामाने युद्धबंदी जाहीर केली ती १७ सप्टेंबर १९४८ रोजी. त्याच्या सेनापतीने मेजर जनरल चौधरींपुढे शरणागती पत्करली ती दुसऱ्या दिवशी. आणि विमानतळावरचे ते दृश्य आहे फेब्रुवारी १९४९ मधले.

२/ या चित्रफितीतले एकही दृश्य खोटे नाही. दिशाभूल करतो तो दोन दृश्यांमधला सांधा. त्या एका सांध्यात पाच महिने नाहीसे झाले. याच काळात पंडित सुंदरलाल यांची समिती संस्थानात फिरली आणि पोलीस कारवाईच्या पाठोपाठ झालेल्या हिंसेची तिने नोंद केली. सर्वाधिक झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांत तिने नांदेड आणि उस्मानाबाद यांची नावे घेतली. आजच्या लातूर जिल्ह्याचा काही भाग तेव्हा उस्मानाबादेत होता. रझाकारांचे अत्याचार जितके खरे, तितकीच ही नोंदही खरी. सांधा दोन्हींविषयी काही बोलत नाही; तो थेट विजयावर येऊन थांबतो.

३/ हे तंत्र नवे नाही. साधारण शंभर वर्षांपूर्वी रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह याने एका नटाचा निर्विकार चेहरा क्रमाने सुपाची वाटी, शवपेटिका आणि एक स्त्री यांना जोडून दाखवला. चेहरा तोच, पण प्रेक्षकांना त्यात कधी भूक दिसली, कधी शोक, कधी अभिलाषा. अर्थ दृश्यात जितका असतो, तितकाच दोन दृश्यांच्या शेजारात असतो. संकलकाचा सारा व्यवसाय या एका जाणिवेवर उभा आहे.

४/ आपल्या भाषेने या व्यवसायाला दिलेले नाव विचार करायला लावणारे आहे. श्रेयनामावलीत आपण ‘संकलन’ लिहितो. संकलन म्हणजे एकत्र करणे. कात्री ही नंतरची गोष्ट. दादासाहेब फाळक्यांनी आपल्या चित्रपटांचे संकलन स्वतःच केले. १९१७ च्या सुमाराच्या ‘चित्रपट कसे तयार करतात’ या त्यांच्या लघुपटात ते स्वतः फीत तपासताना दिसतात. आधी सारे जमवायचे, मग पाहायचे, मगच निवडायचे, हा क्रम तेव्हापासून बदललेला नाही.

५/ चांगला संकलक पहिल्या दिवशी काहीच कापत नाही. तो चित्रित झालेले सगळे पाहतो आणि पाहताना टिपणे काढतो, कारण पहिल्या पाहण्यातली प्रतिक्रिया पुन्हा मिळत नाही. अमेरिकन संकलक वॉल्टर मर्च हे प्रत्येक कॅमेरारचनेतली स्थिरचित्रे काढून भिंतीवर लावतात. ‘अपोकॅलिप्स नाऊ’साठी सुमारे साडेबारा लाख फूट फीत चित्रित झाली होती, पडद्यावर आलेल्या प्रत्येक मिनिटामागे सुमारे ९५ मिनिटे चित्रित झालेली होती. फितीच्या काळात ही गाळलेली तुकडी क्रमांक घालून टांगून ठेवली जात. नको असलेलेही उद्या लागेल, हे गृहीतच असे.

६/ इथपर्यंत संकलक आणि इतिहासकार एकाच वाटेने चालतात. दफ्तरखान्यात बसणाऱ्या विद्यार्थ्यालाही हाच क्रम शिकवला जातो. पुढे मात्र वाटा फुटतात आणि त्या फुटाव्यात, असे माझे मत आहे. एक दृश्य संपवून दुसरे कुठे सुरू करावे, हे ठरवण्यासाठी मर्च यांनी सहा निकष मांडले आणि त्यांत भावनेला ५१ टक्के वजन दिले. कथापटाला ते शोभते. इतिहासाला ते परवडत नाही.

७/ उदाहरण किल्लारीचे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या दिवशी गणेशविसर्जन झालेले. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली. त्या दिवसांची कोणतीही बातमीफीत आठवून पाहा : चिता, आक्रोश, ढिगाऱ्यावरचे जवान, नेत्यांचे दौरे. भावनेच्या निकषावर ही निवड चूक म्हणता येणार नाही.

८/ पण इतकी माणसे का गेली, याचे उत्तर वेगळ्याच चित्रात असते. दगड-मातीच्या जाडजूड भिंती आणि त्यांवर मातीच्या थरांनी जड झालेली माळवदे. घर कोसळले की हे सगळे ओझे झोपलेल्या माणसांवर येई. तुटलेल्या भिंतीची जाडी दाखवणारे दहा सेकंदांचे दृश्य बातमीच्या संकलकाला कंटाळवाणे वाटेल आणि तो ते गाळेल. इतिहासकार नेमके तेच शोधत असतो. बातमीची रद्दी हे त्याचे अस्सल साधन ठरते.

९/ दुसरे उदाहरण लातूरच्या पाण्याचे. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली पहिली ‘जलदूत’ रेल्वे १० वाघिणींत ५ लाख लिटर पाणी घेऊन लातुरात आली. गाडीचे आगमन हे चित्रपटाचे जुनेच वेड आहे; ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचे जे पहिले खेळ झाले, त्यांतही एक गाडी स्थानकात आलीच होती. लातूरची गाडीही देशभर दिसली.

१०/ गाडी हा त्या दुष्काळाचा शेवटचा अंक होता. आधीचे अंक संथ होते : आटत गेलेले मांजरा धरण, नळाला पाणी येण्याच्या लांबत गेलेल्या तारखा, पाणवठ्यांवर लागू करावा लागलेला जमावबंदीचा हुकूम, घागरींच्या रांगा. यांत ‘आगमना’चा क्षण नाही, म्हणून ते कापले जाते. परिणामी पुढच्या पिढीला पाणी आल्याचे आठवेल, ते का गेले हे आठवणार नाही. यात माझ्या मते सर्वांत मोठे नुकसान आहे : उपाय दिसतो आणि कारण गळून पडते.

११/ याहून वेगळे संकलन शक्य आहे. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) पाहा. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात झालेल्या गोळीबारापासून सुरू झालेले हे काम सुमारे १४ वर्षे चालले. चित्रण आणि संकलन मुख्यतः पटवर्धनांचेच. घटना संपल्यावरही कॅमेरा त्या वस्तीत परत जात राहिला, म्हणून हा चित्रपट बातमीसारखा विरून गेला नाही.

१२/ आता मुद्दा आपल्या दाराशी येतो. १९९० च्या दशकात नांदेड-लातूरमध्ये लग्ने चित्रित करणारे व्हिडिओवाले होते. तेच मोर्चे, सभा, जयंत्या, पूर आणि पडझडही टिपत. त्यांच्या व्हीएचएस कॅसेटी आज कपाटांत बुरशी धरत आहेत. कित्येकींवर पुढचे लग्न चित्रित झाले असेल. जगातल्या शेवटच्या मोठ्या उत्पादकाने व्हीसीआर बनवणे २०१६ च्या जुलैत थांबवले. कॅसेट टिकली, तरी ती वाचणारे यंत्र दरवर्षी दुर्मीळ होत आहे.

१३/ पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे बोट दाखवून भागणार नाही. तिथल्या आगीत ८ जानेवारी २००३ रोजी जुन्या नायट्रेट फितींचा मोठा साठा गेला. सारे एकाच ठिकाणी ठेवण्याचा धोका त्यातून कळावा. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, त्याचा उपपरिसर लातूरला आहे. आधी जमवण्याचे काम या दोन शहरांतच व्हायला हवे.

१४/ आपल्यापैकी प्रत्येकाला करता येण्याजोगे इतके : जुनी कॅसेट सापडली, तर ‘चांगला’ भाग वेगळा न काढता ती अथपासून इतिपर्यंत उतरवून घ्या. तारीख, गाव आणि चित्रण करणाऱ्याचे नाव लिहून ठेवा. मोबाइलवरची मूळ फाइल जपा. व्हॉट्सॲपवरून फिरलेली प्रत दर्जाही गमावते आणि सोबतची माहितीही.

१५/ एक आक्षेप रास्त आहे : किल्लारीतल्या मृतांचे चेहरे कुणी का पाहावेत? जपणे आणि दाखवणे ही दोन वेगळी कामे आहेत. काय दाखवावे, याचा निर्णय त्या कुटुंबांना विचारून, सावकाश घेता येतो. पण जे जपलेच नाही, त्याविषयी निर्णय घेण्याची संधीच उरत नाही. म्हणून कात्री ज्याच्या हाती जायची त्याच्या हाती जावो. त्याआधी संकलन, त्या शब्दाच्या मूळ अर्थाने, आपण करून ठेवू. घरात अशी एखादी कॅसेट असेल, तर खाली तिचे गाव आणि साल तेवढे लिहा.