राजवाड्यातील विद्यापीठ

१८१८ हे भीमा-कोरेगावचे साल आपल्या मुलांना पाठ असते. त्याच साली जर्मनीत ऱ्हाईन नदीकाठी बॉन येथे प्रशियाच्या राजाने विद्यापीठ स्थापन केले. त्याची मुख्य इमारत म्हणजे कोलोनच्या आर्चबिशपचा जुना राजवाडा. १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात तो जळाला, युद्धानंतर पुन्हा उभारला गेला.

शाळेत गोणपाटावर वेगळे बसविलेल्या बाबासाहेबांनी लंडनला शिकत असतानाच १९२१ साली येथे नाव नोंदविले. जर्मन भाषा त्यांना येत होती. तेथील पदवी घेणे जमले नाही. म्हणून त्यांनी पुस्तक मिटले नाही. १९२३ साली लंडनची डी.एस्सी. मिळविली.

माता-पित्यांनो, दहावीला एकदा नापास झाला म्हणून मुलाला, मुलीला कामावर धाडू नका. पुन्हा फॉर्म भरा. जयभीम!